आजोबा पॅलेसला होते: व्हॉडव्हिल घराण्यांच्या मागावर, न्यूयॉर्क ते कॅन्सस

सोमवार, न्यूयॉर्क

व्हॉडव्हिल म्हणजे गाणी, नकला, जादू, कसरती अशा सुट्या कार्यक्रमांचा (अ‍ॅक्टचा) एकत्र खेळ. त्याचा आठवडा सोमवारी दुपारच्या खेळाने सुरू व्हायचा, म्हणून कलाकारांच्या घरच्या आठवणी कागदांत तपासून बघण्याची ही फेरीही सोमवारीच सुरू केली. सकाळपासून पावसाची भुरभुर होती आणि ब्रॉडवे आणि ४७व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर छत्र्यांची गर्दी. पॅलेस थिएटर इथलंच. मार्टिन बेकने बांधलेलं हे थिएटर २४ मार्च १९१३ ला उघडलं. सुरुवातीला चाललं नाही, पण त्याच वर्षी मे महिन्यात फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट आली आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं अमेरिकेतल्या प्रत्येक जादूगाराला, नकलाकाराला, गाणाऱ्या बहिणींच्या जोडीला इथेच पोचायचं होतं. दिवसाला दोन खेळांची पद्धत १९३२ मध्ये इथेही बंद पडली.

आता जाऊन बघणाऱ्याचा गोंधळ होतो. नव्या इमारतीच्या कामात जुनं प्रेक्षागृह अख्खंच्या अख्खं सुमारे ३० फूट वर उचललं गेलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. त्यामुळे जुन्या फोटोतला दरवाजा ब्रॉडवेवर शोधू नका. वाट ४७व्या रस्त्याने आहे. आतलं जुनं प्लास्टरचं काम बघायचं असेल तर चालू प्रयोगाचं तिकीट काढावं लागतं.

रस्त्यावर उभं राहूनही बरंच कळतं. पॅलेससमोरच्या फुटपाथला कलाकार 'पॅलेस बीच' म्हणायचे. ज्यांना त्या आठवड्यात काम नाही ते इथे उभे राहून एजंटांची वाट बघत. समोर, १५५७ ब्रॉडवेला, जुलै १९१२ मध्ये हॉर्न अँड हार्डार्टचं ऑटोमॅट, म्हणजे नाणं टाकून खाणं घ्यायचं उपाहारगृह, सुरू झालं होतं. पाच सेंटचं नाणं टाकलं की कॉफी. कलाकारांच्या घरच्या आठवणींत हे ऑटोमॅट हटकून येतं. आणि सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूच्या ४७व्या रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यावर, जिथे आज उंच हॉटेल आहे, तिथे १९१० पासून कोलंबिया थिएटर होतं, म्हणजे बर्लेस्कचं (विडंबन, चावट विनोद आणि नर्तिकांच्या खेळांचं) मुख्य घर. दोन्ही धंद्यांची मुख्यालयं एका चौकात, हाकेच्या अंतरावर. घरात 'ती व्हॉडव्हिलमध्ये होती' असंच सांगितलेलं असलं तरी याच चौकात एखादा हंगाम रस्ता ओलांडून पलीकडे काम केलेलं असणं अगदी शक्य होतं.

चौकात जॉर्ज एम. कोहन या नट-गीतकाराचा पुतळा आहे. त्याच्याकडे गुरुवारी परत येऊ.

मंगळवार आणि बुधवार, लिंकन सेंटरचं ग्रंथालय

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची परफॉर्मिंग आर्ट्सची शाखा लिंकन सेंटरमध्ये आहे आणि तिथला बिली रोझ थिएटर विभाग हे या विषयाचं सगळ्यात मोठं भांडार. प्रवेश फुकट. मात्र आधी ऑनलाइन खातं उघडून साहित्याची मागणी नोंदवून ठेवा, कारण काही पेट्या दुसऱ्या गोदामातून येतात. आत फक्त पेन्सिल चालते, फ्लॅश न वापरता फोनवर फोटो काढता येतात. वेळा दर दिवशी सारख्या नसतात, तेव्हा निघण्यापूर्वी बघून घ्या.

पहिली मागणी रॉबिन्सन लॉक संग्रहाची करावी. हा टोलेडोच्या वृत्तपत्राचा नाट्यसमीक्षक. साधारण १८७० ते १९२० मधल्या नटनट्यांची कात्रणं नावानिशी चिकटवलेल्या त्याच्या वह्या इथे आहेत. त्यानंतर कलाकाराच्या नावाची सुटी कात्रणं असलेली पाकिटं मागवा.

शेजारच्या टेबलावर ओहायोहून आलेल्या एक बाई होत्या, सत्तरीच्या. त्यांच्या आजीचा एकच फोटो त्यांच्याजवळ होता आणि घरात चालत आलेलं एकच वाक्य: आजी सायकलवर कसरती करायची आणि पॅलेसला खेळली होती. दोन दिवस त्यांचं काम बघताना या शोधाच्या सगळ्या अडचणी समोर आल्या, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

आडनावाने शोधून काही मिळत नाही. पाटीवर असायचं ते अ‍ॅक्टचं नाव: 'अमुक बंधू', 'तमुक त्रिकूट', 'फलाणी अँड कंपनी'. 'बंधू' सख्खे असतीलच असं नाही. एक जोडीदार सोडून गेला की त्याच नावाखाली दुसरा यायचा. त्यामुळे घरच्यांना विचारायचा पहिला प्रश्न आडनावाचा नसून 'पोस्टरवर काय लिहायचे?' हा.

मग फोटो. जाड पुठ्ठ्यावरचा सव्वाचार बाय साडेसहा इंचाचा फोटो असेल तर ते कॅबिनेट कार्ड. खाली स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं असतं, आणि तेवढ्यानेही कलाकार कोणत्या पट्ट्यात फिरत होता याचा अंदाज येतो. फोटो पोस्टकार्डवर छापलेला असेल तर मागची तिकिटाची चौकट बघा. 'एझेडओ' (फोटोच्या कागदाचा छाप) या अक्षरांभोवती चारही त्रिकोण वर टोक करून असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. दोन वर, दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० मधला. ओहायोच्या बाईंच्या कार्डावर चारही त्रिकोण वर होते.

तिसरी पायरी साप्ताहिकांची. 'न्यूयॉर्क क्लिपर' १८५३ पासूनचं, 'बिलबोर्ड' १८९४ पासूनचं, 'व्हरायटी' डिसेंबर १९०५ पासूनचं. क्लिपरचे अंक इलिनॉय विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, जुने व्हरायटी इंटरनेट आर्काइव्हवर. या अंकांत 'रूट्स' नावाचा बारीक टाइपातला तक्ता असतो: कोणता अ‍ॅक्ट, कोणतं थिएटर, कोणता आठवडा. यंत्राने वाचलेल्या मजकुरात हा बारीक टाइप फार बिघडतो. ओळ तुटलेली नावं सापडत नाहीत. म्हणून नाव टाकून शोधण्यावर थांबू नका, तक्त्याचं पान उघडून डोळ्यांनी वाचा.

आणि इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. रूट आधी छापला जायचा, कलाकाराने किंवा एजंटाने कळवलेला. सोमवारी दुपारचा खेळ पडला तर मॅनेजर त्याच दिवशी अ‍ॅक्ट काढून टाकू शकत होता. तक्त्यात नाव आहे म्हणजे खेळ झाला, असं नाही. खात्री करायची तर त्या गावच्या मंगळवारच्या वर्तमानपत्रातलं परीक्षण बघावं लागतं.

बाईंच्या आजीचं नाव मिळालं, पण पॅलेसच्या यादीत नाही, ब्रुकलिनमधल्या एका थिएटरच्या यादीत. पहिल्या जागेवर. त्या थोड्या खट्टू झाल्या. पण पहिल्या जागेचा अर्थ समजून घ्यायला हवा. आठ-नऊ अ‍ॅक्टच्या खेळात पहिला आणि शेवटचा अ‍ॅक्ट बिनबोलीचा असायचा, म्हणजे कसरती, सायकल, प्राणी, कारण तेव्हा प्रेक्षक येत किंवा उठून जात असत आणि संवाद ऐकू गेलेच नसते. सगळ्यात मानाची जागा शेवटून दुसरी. सायकलवाली पहिल्या जागेवर होती याचा अर्थ ती कमी दर्जाची होती असा नाही. तिच्या कलेला तीच जागा ठरलेली. अन् पॅलेसचं म्हणाल तर त्या नावाची थिएटरं अमेरिकेत गावोगाव होती. आजी खोटं बोलली असं धरायचं कारण नाही.

पगाराच्या आठवणींनाही हाच नियम लावावा. 'आजोबा आठवड्याला दीडशे डॉलर मिळवायचे' हा आकडा बहुतेक वेळा पूर्ण अ‍ॅक्टचा असतो. त्यातून बुकिंग ऑफिसचे पाच टक्के, एजंटचे पाच टक्के. दीडशेचे एकशे पस्तीस. मग रेल्वेभाडं, रंगमंचावरच्या कामगारांना बक्षिशी, कपडे. आणि ज्या आठवड्यात काम नाही त्याचे शून्य. रूटच्या तक्त्यात 'एल. ओ.' असं दिसलं तर तो बिनकामाचा, म्हणजे लेऑफचा, आठवडा.

बर्लेस्कची माहिती काढणं त्या मानाने सोपं आहे, आणि घरोघरी लपवली गेलेली तीच. लिडिया थॉम्प्सनची मंडळी १८६८ मध्ये लंडनहून न्यूयॉर्कला आली तेव्हापासून बर्लेस्क म्हणजे विडंबन, चावट विनोद, घट्ट कपड्यांतल्या नर्तिकांचा ताफा. कपडे उतरवणं हा त्याचा मुख्य भाग झाला तो पुढे, १९२० आणि ३० च्या दशकांत. न्यूयॉर्कमध्ये १९३७ मध्ये ला गार्डिया महापौर असताना परवाने गेले ते या नंतरच्या बर्लेस्कचे. तेव्हा १९१० च्या पणजीबद्दल कुजबुज ऐकली असेल तर तिला १९३५ च्या मापाने मोजू नका. ती बहुधा कोरसमध्ये नाचत होती किंवा विनोदी नटासमोर दोन वाक्यं बोलत होती.

सोपं अशासाठी की बर्लेस्कच्या कंपन्या 'व्हील'वर फिरत. पूर्ण खेळ, नटनट्यांसह, एका थिएटरात एक आठवडा, मग पुढच्या. मागचा खेळ त्याच्या जागी. रहाटाच्या पोहऱ्यांसारखे सगळे एकामागोमाग. म्हणून खेळाचं नाव आणि एकच तारीख हाती असेल तर व्हीलचा क्रम लावून पूर्ण हंगाम मांडता येतो: पणजी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुठे होती हेसुद्धा. मधे लेऑफचे आठवडे येतात, ते तक्त्यात तपासून घ्यावेत.

बर्लेस्कची तारका जिप्सी रोझ ली हिची कागदपत्रंही याच ग्रंथालयात आहेत. आई रोझ आणि दोन मुली, लुइझ (हीच पुढे जिप्सी) आणि जून. दोघी बहिणींनी पुढे आपापल्या आठवणी लिहिल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. आईने मुलींचे एकापेक्षा जास्त जन्मदाखले बाळगले होते. यात लहरीपणा कमी आणि धंद्याची गरज जास्त. न्यूयॉर्कमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना रंगमंचावर नाचायला, कसरती करायला बंदी होती आणि जेरी सोसायटी या बालसंरक्षण संस्थेचे लोक थिएटरात येऊन तपासणी करत. उलट रेल्वेत १२ वर्षांखाली अर्धं तिकीट. एकच पोर थिएटरात सोळाचं आणि गाडीत अकराचं. घरच्या आठवणीत वयाचा घोळ दिसला की आधी हे दोन नियम आठवावेत.

दोन्ही दिवस दुपारचं जेवण जवळच्या टपरीवर उभ्याउभ्या: चण्याचे वडे घातलेला फलाफल रोल, वर तिखट सॉस. शाकाहारी माणसाला या भागात त्याहून भरवशाचं काही नाही.

गुरुवार, प्रॉव्हिडन्स

न्यूयॉर्कहून रेल्वेने साडेतीन तासांच्या आत. पाऊस थांबला होता, समुद्राची खारी हवा आणि लख्ख ऊन. फॉक्स पॉइंट हा पोर्तुगीज आणि केप व्हर्डेच्या लोकांचा जुना भाग. बेकरीतला गोड पाव अजून कोमट होता, बरोबर र्‍होड आयलंडचं ठरलेलं पेय: कॉफीचं गोड सिरप घातलेलं गार दूध. इथल्या विकेंडन रस्त्यावर जॉर्ज एम. कोहनचा जन्म झाला आणि कोपऱ्यावर २००९ पासून त्याचा अर्धपुतळा आहे.

कोहन कुटुंब चौघांचं: वडील जेरी, आई नेली, बहीण जोसी आणि जॉर्ज. खेळ संपल्यावर जॉर्ज आई, वडील, बहीण आणि स्वतः अशा चौघांच्या वतीने प्रेक्षकांचे आभार मानायचा. त्याचा जन्म ४ जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, असं घरात आणि बाहेर सगळीकडे सांगितलं गेलं. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख ३ जुलै १८७८ आहे. ही नोंद अभ्यासकांनी शोधली ती नागरी दाखल्याच्या पलीकडे जाऊन. फिरत्या कलाकारांच्या बाबतीत हा मार्ग नेहमी वापरावा. गावचा दाखला नसला, उशिरा काढलेला असला तरी कॅथलिक घरात बाप्तिस्म्याची नोंद बहुधा असते, आणि धर्ममातापित्यांच्या नावांत त्या आठवड्यात बरोबर असलेले कलाकार सापडू शकतात.

पुतळ्यापाशी कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा थांबले. ते ठामपणे म्हणाले, ''चार जुलैच!'' त्यांच्याशी वाद घातला नाही.

शनिवार, मस्कीगन

शुक्रवार विमानात गेला. शनिवारी सकाळी मिलवॉकीहून मिशिगन सरोवर ओलांडणारी लेक एक्स्प्रेस बोट, अडीच तासांची. पलीकडे घड्याळ एक तास पुढे असतं, दुपारचं काही ठरवलं असेल तर लक्षात ठेवा. बोट हिवाळ्यात बंद असते, म्हणून मे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच हा मार्ग धरावा. वारा इतका होता की डेकवर उभं राहवत नव्हतं. पाण्याचा रंग मात्र समुद्रासारखा हिरवा-निळा, पलीकडचा काठ दिसतच नाही.

बोट लागते तिथून ब्लफ्टन जवळ आहे. मिशिगन सरोवर आणि मस्कीगन तळं यांच्यामधली ही चिंचोळी वाळूची पट्टी. त्या काळी थिएटरांत गारवा करायची सोय नव्हती. जून ते ऑगस्ट बरीच थिएटरं बंद राहत आणि कलाकारांना राहायला घर नसे, कारण उरलेलं वर्ष बोर्डिंग हाउसमध्ये जायचं. १९०८ मध्ये जो कीटन (मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटनचे वडील) आणि त्याच्या मित्रांनी इथे कलाकारांची वसाहत सुरू केली. कीटनांच्या बंगलीचं नाव होतं 'जिंगल्स जंगल', धाकट्या मुलाच्या टोपणनावावरून. आता ते घर उरलेलं नाही. वसाहतीची सरकारी पाटी आहे, गल्ल्या त्याच आहेत, आणि पाण्यापर्यंत चालत गेलं की बस्टर कीटनला आयुष्यभर हे उन्हाळे का आठवत राहिले ते समजतं. तो इथे बेसबॉल खेळायचा, पोहायचा. बाकीचं वर्ष वडील त्याला रंगमंचावर फेकायचे. कपड्याला पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली असायची, उचलून भिरकावायला सोपं जावं म्हणून.

गावातल्या खाणावळीत पर्च मासा तळून मिळतो, पातळ आवरणाचा, बरोबर कोबीची कोशिंबीर. वाढणाऱ्या बाईंच्या पणजोबांनी नटांच्या घरी बर्फ पोचवला होता. त्यांच्या घरात नटांची नावं कुणालाच आठवत नाहीत, हत्ती आठवतो. मॅक्स ग्रूबर प्राण्यांचा खेळ करायचा आणि त्याची हत्तीण उन्हाळ्यात इथे असायची. शेजाऱ्यांच्या आठवणींचं महत्त्व इथे कळतं. कलाकाराच्या घरात टाळ्या आणि नावं टिकतात. उधारी, प्राणी, भांडणं आणि वाद्यांचा त्रास शेजाऱ्यांच्या घरात टिकतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे कीटनप्रेमींचं वार्षिक संमेलन भरतं. त्याच सुमारास गेलात तर माहीतगार माणसं एका जागी भेटतील, पण राहायची जागा फार आधी घ्यावी लागेल.

सोमवार, आयोवा सिटी

रविवारी शिकागोला वळसा घालून मोटारीने, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला मका.

आयोवा विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात कीथ-आल्बी संग्रह आहे. बी. एफ. कीथने १८८५ मध्ये बॉस्टनमध्ये सलग चालणारा खेळ सुरू केला आणि त्यातून पुढे देशातली थिएटरांची सगळ्यात बलाढ्य साखळी झाली. या साखळीतल्या मॅनेजरांनी दर सोमवारी लिहिलेले अहवाल, १९०२ ते १९२३ चे, इथे आहेत. प्रत्येक अ‍ॅक्टचं नाव, किती मिनिटं, पूर्ण रंगमंचावर की पुढच्या पडद्यासमोर, टाळ्या कशा पडल्या, कोणतं वाक्य काढायला लावलं. प्रॉव्हिडन्सचा मॅनेजर चार्ल्स लव्हनबर्ग यांचे शेरे मोकळे आणि नेमके आहेत. हे अहवाल इतर मॅनेजरांना आणि बुकिंग ऑफिसला जात, म्हणजे त्यावर पुढची कामं ठरत. कलाकाराला ते दिसत नसत. 'सहा महिने काम का मिळालं नाही ते आजोबांना कधी कळलं नाही' असं घरात सांगत असतील, तर उत्तर इथे असू शकतं.

बरेच खंड ऑनलाइन आहेत. आधी ते बघून मग पेट्या मागवा. अहवालांतली भाषा कृष्णवर्णीय आणि ज्यू कलाकारांबद्दल अनेकदा अपमानकारक आहे, मनाची तयारी ठेवून वाचा. शिवाय या साखळीत कृष्णवर्णीय कलाकारांना जागा फार थोडी होती. त्यांच्या वंशजांनी इथे वेळ घालवण्याआधी 'इंडियानापोलिस फ्रीमन' या वृत्तपत्राचं रंगभूमीचं पान आणि १९२० नंतर 'टोबा' या कृष्णवर्णीय कलाकारांच्या साखळीतल्या थिएटरांच्या बातम्या बघाव्यात. व्हिटमन भगिनींसारख्या घराण्याचा माग तिथे लागतो.

रात्री पोर्क टेंडरलॉइन सँडविच, पावाच्या दुप्पट आकाराचं. अर्धं पुरतं.

बुधवार, पिक्वा, कॅन्सस

मंगळवार पूर्ण गाडीत. पिक्वा हे महामार्ग ५४ वरचं अगदी छोटं गाव. जवळच्या आयोलात मुक्काम करावा. पिक्वात राहायची सोय धरून चालू नये. सपाट माळ, दिवसभर वारा, आणि एक उंच चर्च.

४ ऑक्टोबर १८९५ ला बस्टरची आई मायरा कीटन इथे बाळंत झाली, फिरत्या औषधविक्यांच्या खेळात काम करत असताना, आणि लवकरच मंडळी पुढे निघाली. बस्टरचं छोटं संग्रहालय ग्रामीण पाणीपुरवठा कार्यालयाच्या इमारतीत आहे. म्हणजे वेळ कार्यालयाची, शनिवार-रविवारी आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका. फोटो, कात्रणं, पोस्टर. दीड तासात नीट बघून होतं.

कीटनांच्या घरची सगळ्यात गाजलेली आठवण म्हणजे 'बस्टर' हे नाव जादूगार हुडिनीने ठेवलं: सहा महिन्यांचं पोर जिन्यावरून पडलं, काही झालं नाही, आणि हुडिनी तो शब्द उद्गारला. कागद वेगळं सांगतात. हुडिनी आणि कीटन एका मंडळीत होते ते १८९७-९८ च्या हिवाळ्यात, कॅन्ससमध्येच, डॉ. हिलच्या औषधाच्या खेळात. तेव्हा पोर दोन वर्षांचं झालेलं. गोष्टीच्या जुन्या छापील रूपात जॉर्ज पार्डी या नटाचं नाव येतं. हुडिनी जगप्रसिद्ध झाल्यावर पार्डीच्या जागी तो आला. वयाचंही तेच: १९०९ मध्ये बस्टर चौदा वर्षांचा झाला आणि जो कीटनने सोळावा वाढदिवस म्हणून जाहीर केला, कारण न्यूयॉर्कमध्ये पुन्हा काम मिळवायचं होतं. जो स्वतः वर्तमानपत्रांना किस्से पुरवायचा. किस्सा छापून आला की बुकिंगला मदत व्हायची. पुढे तेच किस्से मुलांना घरची आठवण म्हणून मिळाले.

म्हणून घरातल्या वृद्धांशी बोलताना वर्ष विचारू नका, मोठ्या कलाकारांची नावंही सुचवू नका; सुचवलेलं नाव पुढच्या वेळी आठवण होऊन परत येतं. ड्रेसिंग रूम कुणाबरोबर वाटून घ्यायचे, रविवारी गाडी कुठे बदलायचे, ट्रंकेत वर काय ठेवायचे, कोणत्या गावात पैसे बुडाले, हे विचारा. बोलणं ध्वनिमुद्रित करा आणि कोणती गोष्ट त्यांनी स्वतः पाहिली, कोणती ऐकली, ते वेगळं लिहून ठेवा. चिकटवह्या असतील तर कात्रणं सोडवू नका. त्यांचा क्रम हाच बऱ्याचदा दौऱ्याचा क्रम असतो. प्रत्येक पान पूर्ण दिसेल असा फोटो घ्या, मागे पेन्सिलने अंक घाला, पानांमध्ये आम्लरहित कागद घाला, चिकटपट्टी कुठेही लावू नका. संग्रह देऊन टाकायचा झाला तर पूर्ण द्या, आणि त्यासोबत पोस्टरवरचं नाव, खरं नाव, जोडीदारांची नावं अशी एका पानाची यादी जोडा. ती नसेल तर पेटी ग्रंथालयात पोचूनही कुणाला सापडत नाही.